पांढरा धूर पुन्हा पुन्हा येतोय? हेड उघडण्याआधी एवढं तपासा

सायलेन्सरमधून पांढरा धूर दिसला की आपल्याकडे लगेच दोन निकाल लागतात. शेजारचे काका म्हणतात, "थंडी आहे, काही होत नाही." गॅरेजवाला म्हणतो, "साहेब, हेड गॅस्केट गेलं." (हेड म्हणजे इंजिनाचा सिलिंडरांवर बसणारा वरचा भाग; तो आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली सील म्हणजे गॅस्केट.) पहिल्याचं ऐकून कित्येकांनी इंजिन जाम करून घेतलंय, आणि दुसऱ्याचं ऐकून कित्येकांनी धडधाकट इंजिन उघडून ठेवलंय. सगळ्यात जास्त जीव जळतो तो तिसऱ्या प्रकारात. हेडचं काम होतं, बिल भरलं जातं आणि महिना-दोन महिन्यांत तोच धूर परत. मग गॅस्केट डुप्लिकेट निघालं असं सांगतात आणि हेड पुन्हा उतरतं.

ज्यांचा धूर असा परत परत येतो त्यांच्यासाठी मुख्यतः हे लिहितोय. नुसत्या धुराच्या रंगावरून कुणीही इंजिन उघडू नये. धूर नेमका कधी येतो आणि कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारा द्रव, कमी होतंय का, या दोन गोष्टी आधी पक्क्या करायच्या. त्यानंतर चाचण्या. हेडला पाना सगळ्यात शेवटी.

साधी वाफ कोणती?

पेट्रोल जळलं की पाणी तयार होतं, आणि ते थोडंथोडकं नसतं. एक लिटर पेट्रोल जळल्यावर जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडतं. सीएनजीत हायड्रोजनचं प्रमाण जास्त, त्यामुळे एक किलो गॅसमागे दोन किलोहून अधिक पाणी निघतं. म्हणून सीएनजी गाडीच्या सायलेन्सरमधून सकाळी पाणी ठिबकताना दिसलं तर घाबरायचं कारण नाही. सायलेन्सर गार असतो तोवर ही वाफ आत थिजते, बाहेरच्या गार हवेत पांढरी दिसते, आणि पाइप तापला की दिसेनाशी होते. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा दहा अंशांच्या खाली उतरतो, तेव्हा पहाटे सुरू केलेली प्रत्येक गाडी पांढरी वाफ सोडते. पावसाळ्यात महाबळेश्वर किंवा आंबोलीच्या धुक्यात हीच वाफ जास्त वेळ दिसते, कारण हवेतच ओल भरलेली असते.

साधी वाफ पातळ असते, पाइपपासून चार-पाच फुटांवर विरून जाते, तिला वास नसतो. गाडी चालवायला लागलात आणि तापमानाचा काटा वर आला की ती थांबते. जागेवर उभी ठेवून गाडी तापवत बसलात तर बराच वेळ येत राहील, कारण सायलेन्सर तापायलाच वेळ लागतो.

काळजीचा धूर वेगळा कळतो. तो दाट असतो, रस्त्यावर रेंगाळतो, आरशात मागची गाडी पुसट दिसायला लागते, आणि इंजिन पूर्ण तापल्यावरही थांबत नाही. एक स्वच्छ पांढरा कागद पाइपच्या मागे वीतभर अंतरावर थोडा वेळ धरा. नुसते पाण्याचे थेंब आले आणि वाळल्यावर कागद स्वच्छ राहिला तर पाणी. तेलकट डाग राहिला तर डिझेल किंवा इंजिन ऑइल. कूलंटच्या धुराला गोडसर वास असतो आणि कागदावर किंचित चिकटपणा राहतो. वास घ्यायला नाक पाइपला लावू नका, आणि ही तपासणी बंद पार्किंगमध्ये किंवा तळघरात मुळीच करू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

धुराची वेळ लिहून ठेवा

गॅरेजला जाण्याआधी आठवडाभर फक्त निरीक्षण करा. गाडी तापत असेल, काटा लालकडे जात असेल, तर मात्र आठवडा थांबायचं नाही, ती गाडी चालवायचीच नाही. बाकी सगळ्यांनी धूर कधी आला ते मोबाइलमध्ये टिपून ठेवावं.

सकाळी पहिल्यांदा सुरू करताना इंजिन थरथरतं, एखादा सिलिंडर नीट पेट घेत नाही (मिसिंग मारतं), दाट पांढरा धूर येतो आणि मिनिटभरात सगळं सुरळीत होतं, असं वाटतंय का? या लक्षणाकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं, कारण गाडी नंतर दिवसभर छान चालते. पण आत काय होत असतं ते समजून घ्या. रात्री गरम गाडी बंद केली की कूलंटच्या मार्गात दाब बराच वेळ टिकून राहतो. गॅस्केटला बारीकशी वाट असेल तर त्या दाबाने कूलंट थेंब थेंब सिलिंडरमध्ये झिरपतं. सकाळी तेच जळतं. गॅस्केट जाण्याची सुरुवात बहुतेक वेळा अशीच होते, आणि या टप्प्यावर पकडलं तर हेड वाकायच्या आत काम होतं.

कसारा किंवा खंबाटकी चढताना धूर वाढतो आणि काटाही वर सरकतो, अशी तक्रार असेल तर भाराखाली सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये घुसतोय का ते पाहायचं. उलट घाट उतरून खाली आल्यावर, पहिल्यांदा अ‍ॅक्सिलरेटर दाबताच धुराचा लोट आला आणि तो निळसर असेल, तर ते इंजिन ऑइल आहे. उतारावर पाय काढलेला असताना पेट्रोल इंजिनात आतली ओढ (व्हॅक्यूम) जास्त असते, व्हॉल्व्ह सीलमधून ऑइल आत खेचलं जातं आणि पुढे जळतं. उन्हात निळसर धूर पांढरा वाटतो. म्हणून सावलीत, गडद भिंतीसमोर बघा.

डिझेल गाडीत डोळे चुरचुरतील असा, कच्च्या डिझेलचा वास असलेला पांढरा धूर आणि कूलंट मात्र जागच्या जागी, हा प्रकार वेगळा. त्याच्याकडे पुढे येतो.

कूलंटचा हिशेब

पैसा लागत नाही आणि चूक होत नाही अशी ही एकच तपासणी आहे, तरी फार कमी लोक करतात. सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना, सपाट जागेवर उभी केलेली गाडी. कूलंटच्या बाटलीवर जिथवर पातळी आहे तिथे मार्करने रेघ मारा आणि बाजूला तारीख व किलोमीटर लिहा. नंतरच्या प्रत्येक वेळी त्याच जागेवर, तितक्याच गार इंजिनाला बघायचं. गरम असताना कूलंट फुगतं, तेव्हाची पातळी खोटी.

पातळी हलत नसेल, तर तुमचा धूर कूलंटचा नाही. मग कुणी कितीही आग्रहाने हेड गॅस्केट म्हणालं तरी थांबा.

जुन्या गाड्यांत एक मेख असते. रेडिएटरला वेगळं झाकण आणि बाजूला साधी, दाब नसलेली बाटली असते. झाकणाचं रबर गेलं की गरम होताना बाटलीत गेलेलं कूलंट गार झाल्यावर परत ओढलं जात नाही. बाटली भरलेली दिसते आणि रेडिएटर अर्धा रिकामा असतो. अशा गाडीत गार इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडूनच बघायला हवं. नव्या गाड्यांत बहुधा बाटलीलाच दाबाचं झाकण असतं, तिथे बाटलीतली पातळी खरी.

गरम इंजिनाचं झाकण उघडायचं नाही, हे सगळ्यांना माहीत असतं, तरी दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी भाजून घेतंच. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळतं, महाबळेश्वरच्या उंचीवर ९५-९६ अंशांनाच. झाकण आत साधारण एक बार दाब धरून ठेवतं, त्यामुळे आतलं पाणी १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. झाकण सैल केलं की दाब जातो आणि तेच पाणी त्या क्षणी उसळून तोंडावर येतं. आणखी एक गोष्ट यातूनच समजते. झाकणाची स्प्रिंग किंवा रबर गेलं असेल तर गॅस्केट ठणठणीत असूनही गाडी घाटात उकळते. झाकण स्वस्त असतं. आधी ते बदलून बघा.

कूलंट कमी होतंय असं ठरलं की बाहेरची गळती शोधायची. वॉटर पंपाखालचं छोटं भोक, होजचे जोड, रेडिएटरचे कोपरे, इंजिन ब्लॉकवरच्या पत्र्याच्या टोप्या. पुढच्या सीटसमोरचं कार्पेट ओलं, केबिनमध्ये गोडसर वास आणि काचेवर चिकट वाफ असेल तर हीटरचा छोटा रेडिएटर गळतोय. एसी चालू असताना गाडीखाली पडणारं स्वच्छ पाणी मात्र एसीचं असतं, त्यावरून उगीच घाबरू नका. बाहेर कुठेच ओल नाही, तरीही पातळी उतरते आणि धूर येतो, तर कूलंट आत जळतंय.

आत जळतंय, पण कुठून शिरतंय?

मेकॅनिककडे जाऊन "हेड गॅस्केट बघा" असं म्हणू नका. "कूलंट कुठून आत जातंय ते चाचणी करून सांगा" असं म्हणा.

घरी करता येतील अशा दोन गोष्टी आहेत. पूर्ण गार इंजिनावर झाकण काढा, गाडी सुरू करा आणि बाटलीत किंवा रेडिएटरच्या तोंडात बघा. इंजिन गरम व्हायच्या आतच एकसारखे बुडबुडे येत असतील, अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर वाढत असतील, तर सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये शिरतोय. नुकतंच कूलंट बदललं असेल तर अडकलेली हवा निघताना थोडे बुडबुडे येतातच, ते मोजू नका. दुसरी गोष्ट वरच्या होजची. झाकण लावून गार गाडी सुरू केल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत, पाइप अजून कोमटही झालेला नसताना दगडासारखा घट्ट झाला, तर तो दाब उष्णतेचा नाही. पंख्यापासून आणि बेल्टपासून हात लांब ठेवा.

इंजिन ऑइलबद्दल एक गैरसमज फार पैसे घालवतो. ऑइल भरायच्या झाकणाखाली पिवळट-पांढरी साय दिसली की लोक हबकतात. रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत, विशेषतः पावसाळ्यात, इंजिन पुरतं तापत नाही आणि आतली ओल झाकणाला चिकटून अशी साय धरते. डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) बाहेर काढा. तिथलं ऑइल स्वच्छ असेल तर एकदा गाडी तास-दीड तास हायवेला चालवून आणा, साय बहुधा जाते. डिपस्टिकवरचंच ऑइल गढूळ, दुधाळ झालं असेल किंवा त्याची पातळी वाढली असेल तर मात्र गाडी हलवू नका. तसलं ऑइल बेअरिंग खाऊन टाकतं.

गॅरेजमधल्या चाचण्यांत सगळ्यात भरवशाची दाबाची. रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावून झाकणावर छापलेल्या दाबाइतका दाब भरायचा आणि अर्धा तास थांबायचं. काटा उतरला आणि बाहेर थेंबही नाही, तर स्पार्क प्लग काढून सेल्फ मारायचा. ज्या भोकातून पाण्याचा फवारा येईल तो सिलिंडर दोषी. प्लगही बोलका असतो. बाकीचे काळपट-तपकिरी आणि एकच पांढरा, धुऊन काढल्यासारखा, तर तिथे वाफ जातेय. हल्ली मोबाइलला जोडायचा बारीक कॅमेरा बऱ्याच गॅरेजमध्ये असतो. प्लगच्या भोकातून पिस्टनचा माथा बघता येतो. ज्यात कूलंट शिरतं तो माथा लखलखीत असतो, बाकीच्यांवर कार्बनचा थर.

रसायनाची चाचणीही चांगली आहे. निळा द्रव भरलेल्या काचनळीतून बाटलीतली हवा ओढतात. कार्बन डायऑक्साइड असेल तर निळा रंग पिवळा होतो. पण डिझेल इंजिन जागेवर चालताना भरपूर जादा हवा घेतं, धुरात कार्बन डायऑक्साइड कमी असतो, त्यामुळे रंग न बदलल्यावरून डिझेल गाडीला निर्दोष ठरवू नका. गाडी थोडी चढावर चालवून आणून लगेच चाचणी पुन्हा करायला सांगा.

कॉम्प्रेशनचे, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते त्याचे, आकडे कागदावर लिहून मागा. पेट्रोल गाडीत साधारण १० ते १३ बार, डिझेलमध्ये त्याच्या दुपटीच्या आसपास किंवा जास्त. नेमका आकडा तुमच्या इंजिनाच्या पुस्तकात असतो. खरं बघायचं ते सिलिंडरांमधला फरक. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकत्र खाली असतील तर त्या दोघांमधली गॅस्केटची पट्टी गेलेली असण्याची शक्यता मोठी. चारही सारखे आणि चांगले असतील, आणि गाडी डिझेल असेल, तर हेड उघडण्याआधी पुढचा भाग नक्की वाचा.

ईजीआर कूलर: डिझेलमधला विसरलेला दोषी

बीएस ४ (धुराच्या प्रदूषणाचा सरकारी निकष) आणि त्यानंतरच्या बहुतेक डिझेल गाड्यांत धुराचा काही भाग परत इंजिनात पाठवला जातो, यालाच ईजीआर म्हणतात. तो आधी गार करायला एक छोटा कूलर असतो. आत बारीक नळ्या, नळ्यांतून तापलेला धूर, नळ्यांभोवती इंजिनाचंच कूलंट. वर्षानुवर्षं तापणं-गार होणं चालू राहतं, त्यात कुणी बोअरचं पाणी भरलेलं असेल तर गंजही चढतो, आणि एखादी नळी चिरते. मग कूलंट त्या चिरेतून धुराच्या मार्गात शिरतं, तिथून इनटेकमध्ये (इंजिनात हवा जाण्याच्या मार्गात), तिथून सिलिंडरमध्ये. बाहेर पांढरा धूर, बाटलीत पातळी कमी, जमिनीवर थेंब नाही. अगदी हेड गॅस्केटसारखीच लक्षणं.

धूर परत परत येण्यामागे डिझेल गाड्यांत हे कारण मला फार महत्त्वाचं वाटतं. हेड उतरवताना कूलर बाजूला काढून ठेवतात आणि तसाच परत बसवतात. नवं गॅस्केट, जुनाच कूलर. नवं कूलंट भरलं, हवा निघाली, काही दिवस बरे गेले, आणि मग पुन्हा तेच.

फरक ओळखता येतो. कूलर फुटला असेल तर चारही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन चांगलं मिळतं. बाटलीत बुडबुडे सहसा नसतात किंवा किरकोळ असतात. ईजीआरचा पाइप सोडला की आतली काजळी कोरडी न राहता ओलसर, चिकट लागते. पक्कं करायचं असेल तर कूलर काढून एका बाजूने कूलंटचं तोंड बंद करायचं, दुसरीकडून माफक दाबाची हवा द्यायची आणि कूलर पाण्यात बुडवायचा. पंक्चरच्या दुकानात ट्यूब बघतात तशीच ही पद्धत. बुडबुडे धुराच्या तोंडातून आले की निकाल लागला. चीर गरम असतानाच उघडत असेल तर पाणीही गरम घ्यावं लागतं.

दुसरा मार्ग तात्पुरता बायपास. कूलरला जाणारे कूलंटचे दोन्ही होज एकमेकांना जोडायचे, ईजीआरचा धुराचा मार्ग तेवढ्यापुरता बंद करायचा आणि रेघ मारून काही दिवस चालवायचं. पातळी थांबली तर कूलरच. मात्र निदान झालं की नवा कूलर बसवा. बायपास तसाच ठेवून गाडी वापरणं प्रदूषणाच्या दृष्टीनेही चूक आहे आणि नव्या गाड्यांत दिवे लागून पिकअपही तुटतो.

हेड गॅस्केटच गेलं होतं, तरी धूर परत का?

गॅस्केट सहसा आपोआप जात नाही. बहुतेक वेळा गाडी तापते म्हणून ते जातं, आणि गाडी का तापली याचा शोध घेतला नाही तर नवंही जाणार. अ‍ॅल्युमिनिअम बिडापेक्षा जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. कित्येक इंजिनांत ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनिअमचं असतं. एकदा बेसुमार तापलं की हेडला पसरायला जागा नसते, आणि ते वाकतं. म्हणून हेड उतरवल्यावर सरळ पट्टी आणि फीलर गेज लावून त्याचा सपाटपणा मोजलाच पाहिजे. बहुतेक इंजिनांत परवानगी मिलिमीटरच्या विसाव्या-दहाव्या भागाइतकीच असते, नेमकी मर्यादा त्या इंजिनाच्या पुस्तकात असते. डोळ्याला ते दिसत नाही. लेथवर फेसिंग केलं तर किती कापलं ते विचारा. ब्लॉकचा माथाही मोजायचा असतो, तो मात्र फार कमी ठिकाणी मोजतात.

हेडला चीर असेल, बहुधा दोन व्हॉल्व्हच्या मधे, तर ती गार असताना मिटलेली असते. दाबाची चाचणी गरम पाण्यात केली तरच सापडते. हेडचे बोल्ट बऱ्याच इंजिनांत एकदाच वापरायचे असतात, कारण घट्ट करताना ते ताणले जातात. जुने परत लावले की पकड कमी पडते. घट्ट करण्याचा क्रम, टॉर्क आणि शेवटचे अंश ठरलेले असतात. "हाताला अंदाज आहे" हे उत्तर स्वीकारू नका. आणि जुनं गॅस्केट खरवडताना ग्राइंडरची चकती फिरवणाऱ्याला तिथेच थांबवा. चकतीने खड्डे पडतात आणि तिची बारीक भुकटी ऑइलमधून बेअरिंगपर्यंत पोचते.

थर्मोस्टॅटबद्दल, म्हणजे कूलंटच्या वाटेवरच्या तापमानाने उघडणाऱ्या झडपेबद्दल, थोडं रागानेच लिहितो. "आपल्याकडे कुठं बर्फ पडतो, काढून टाकू" असं म्हणून तो फेकून देतात. तो साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो आणि इंजिनाला ठरलेल्या तापमानावर ठेवतो. काढला की इंजिन थंडच चालतं, जास्त इंधन पितं, डिझेलचा सकाळचा पांढरा धूर लांबतो, आणि मालकाला वाटतं धूर परत आला. नवा थर्मोस्टॅट बसवा. सोबत पंखा, त्याचा रिले, रेडिएटरची जाळी आणि झाकण तपासून घ्या.

रेडिएटरमध्ये हळद टाकून गळती थांबवणं हा अजूनही चालणारा उपाय आहे. निर्मनुष्य रस्त्यावर गाव गाठायला तो समजू शकतो. पण ती हळद, किंवा बाजारातली लीक थांबवणारी पूड, रेडिएटरच्या आणि हीटरच्या बारीक नळ्यांतही बसते. पुढच्या उन्हाळ्यात गाडी त्यामुळेच तापते. असं काही टाकलं असेल तर मेकॅनिकला लपवू नका, पूर्ण फ्लश करून घ्या. मराठवाड्यात, सोलापूरकडे बोअरचं पाणी क्षाराचं असतं. कायमचं भरायला ते चालणार नाही, ऊर्ध्वपातित पाण्यात योग्य प्रमाणात मिसळलेलं कूलंटच हवं. हिरवं-लाल रंग बघून जुळवू नका, वेगवेगळ्या कंपन्यांचे रंग एकाच प्रकारचे असतीलच असं नाही. काढलेलं कूलंट उघड्या घमेल्यात ठेवू नका. ते गोड लागतं, कुत्री-मांजरं पितात आणि मरतात.

कूलंट जागेवर, तरी पांढरा धूर

डिझेलमध्ये हा न जळलेल्या डिझेलचा धूर असतो. फक्त सकाळी येत असेल तर आधी हीटर प्लग (गार इंजिन सुरू करताना सिलिंडर तापवणारे) बघा. मीटरने रोध मोजला तर चांगला प्लग एक ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी दाखवतो, तुटलेला काहीच दाखवत नाही. दिवसभर येत असेल आणि सोबत टकटक आवाज असेल तर इंजेक्टर, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग. कॉमन रेल गाडीत (सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून जास्त दाबाचं डिझेल मिळतं अशा) प्रत्येक इंजेक्टरच्या परतीच्या नळीला बाटली लावून इंजिन चालवतात. एखादी बाटली बाकीच्यांपेक्षा भराभर भरली तर तो इंजेक्टर झिजलाय. नवा बसवल्यावर त्याच्यावर छापलेला कोड स्कॅनरने इंजिनाच्या कॉम्प्युटरला द्यावा लागतो. हे राहिलं की धूर तसाच राहतो आणि नवा इंजेक्टर उगीच बदनाम होतो. इंजेक्टर ठीक असतील तर कॉम्प्रेशन, गॅरेजच्या भाषेत पंपिंग, तपासा.

पावसाळ्यात टाकी भरल्यावर लगेच धूर आणि धक्के सुरू झाले तर फिल्टरच्या तळातून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत काढा. खाली पाणी वेगळं बसलेलं दिसेल.

१ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस ६ डिझेल गाड्यांत काजळीचा फिल्टर असतो. साठलेली काजळी जाळायला तो ६०० अंशांच्या आसपास तापवला जातो. त्या वेळी गरम वास येतो, इंजिनाचा वेग थोडा वाढतो, कधी पांढुरका धूर दिसतो. गाडी बंद न करता एका वेगाने चालवत राहा. सारखंच होत असेल तर डिपस्टिकवर ऑइल वाढलंय का बघा, कारण अर्धवट राहिलेल्या प्रत्येक वेळी थोडं डिझेल ऑइलमध्ये उतरतं.

पेट्रोल गाडीत एक कारण दुर्मीळ, पण जिवाशी गाठ असलेलं. ब्रेक ऑइल कमी होतंय, चाकांजवळ गळती नाही, आणि मधूनच दाट पांढरा धूर येतो. ब्रेकच्या मास्टर सिलिंडरचं मागचं सील गळून ऑइल बूस्टरमध्ये (ब्रेक हलका करणाऱ्या डब्यात) जातं आणि इनटेकच्या ओढीने इंजिनात. ही गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, उचलून न्या.

पुराच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीचा प्रश्न दरवर्षी येतो. २०२१ च्या जुलैत चिपळूणला किती गाड्या बुडाल्या ते आपण पाहिलंय. सायलेन्सरमध्ये शिरलेलं पाणी वाफ होऊन निघतं, ते निरुपद्रवी. पण सुरू करण्याआधी एअर फिल्टर उघडून बघा. तो ओला असेल तर सेल्फ मारायचाच नाही. पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. गॅस्केट गेलेल्या गाडीतही सेल्फ अचानक दब्ब करून अडला तर हेच लक्षात ठेवा, सिलिंडर कूलंटने भरलेला असू शकतो.

रस्त्यात धूर दाटला आणि काटा लालला भिडला तर एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, आणि पहिल्या सुरक्षित जागी गाडी बाजूला. इंजिनावर गार पाणी ओतू नका. तासभर थांबून, झाकण हाताला गार लागल्यावरच उघडा. पातळी पाण्याच्या बाटलीने भरून गाव गाठणं एवढाच त्या पाण्याचा उपयोग. सुरू केल्यावर लगेच पुन्हा दाट धूर आला तर टोइंग. टोइंग टाळून तशीच पाच किलोमीटर चालवत नेण्यात वाचलेले पैसे नंतर हेडमध्ये, कधी अख्ख्या इंजिनात जातात.

हेडचं काम करायचं ठरलंच तर काढलेलं जुनं गॅस्केट मागून घ्या, ते टाकून द्यायला लावू नका. जिथून वायू किंवा कूलंट गेलं तिथे जळाल्याचा काळा माग किंवा धुतल्यासारखा पट्टा दिसतो, आणि तो चाचणीत सापडलेल्या सिलिंडरशी जुळायला हवा. कुठेच माग नसेल तर दोष गॅस्केटमध्ये नव्हता, हेडची चीर आणि ईजीआर कूलर आताच, सगळं उघडं असताना तपासून घ्या. गाडी परत आली की बाटलीवर नवी रेघ मारा. पहिल्या दोन-तीन दिवसांत अडकलेली हवा निघून पातळी थोडी उतरेल, ती भरा. त्यानंतर हजार किलोमीटरपर्यंत दर आठवड्याला गार इंजिनावर बघा. पेट्रोल गाडीत चेक इंजिनचा दिवा राहिला तर स्कॅन करून घ्या, बरेच दिवस कूलंट जळत असेल तर त्याने ऑक्सिजन सेन्सर खराब झालेला असू शकतो.